ओली चड्डी, कळंगुटची आणि सिडनीची

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला. कळंगुटचा किनारा, पाण्यातून बाहेर येणारे आठ-दहा तरुण, अंगावर फक्त सुती चड्ड्या. त्याही ओल्या, म्हणजे झाकलेलं काहीच नाही. खाली चुलतभावाचा प्रश्न: "दादा, तुमच्या सिडनीत चालतं का रे असं?"

चालतं की! स्पीडो या पोहण्याच्या चड्ड्यांच्या कंपनीचा जन्मच इथला, १९१४चा. त्या तोकड्या चड्डीला इथे 'बजी स्मगलर' म्हणतात, म्हणजे आत लव्हबर्ड दडवून नेणारा. बाकी तुम्ही समजून घ्या. टोनी ॲबट ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले, तरी व्यंगचित्रकारांनी त्यांना त्या चड्डीतून बाहेर पडू दिलं नाही. अर्थात हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९०७ साली पुरुषांनीही पोहताना घागऱ्यासारखं काहीतरी नेसावं, असं इथल्या नगरपालिकांच्या मनात आलं. पुरुष थेट बायकांचे परकर घालून बाँडायच्या वाळूत मिरवले. बेत बारगळला.

आपल्याकडे वाद पेटतो तो बायकांच्या कपड्यांवरून. २०१४मध्ये गोव्याचे तेव्हाचे मंत्री सुदिन ढवळीकरांना खुपली ती बिकिनी. पुरुषाच्या उघड्या अंगाचं आपल्या समुद्राला कधीच वावडं नव्हतं. कोळ्याच्या सुरक्यात कापड असून असून किती असतं?

मग कळंगुटच्या पोरांना का हसायचं? मापाने त्यांची चड्डी आणि स्पीडो सारखीच. फरक कापडाचा: नायलॉन पाणी धरत नाही, सुती कापड पाणी पितं, लोंबतं आणि आरपार दिसतं. पोहण्याची वेगळी चड्डी असते, हे ज्याच्या घरात कोणी सांगितलंच नाही, त्याला नावं ठेवण्यात मला तरी मौज वाटत नाही. मीही पहिल्या उन्हाळ्यात कूजीच्या समुद्रात इलॅस्टिक सैल झालेली हाफ पँट घालून शिरलो होतो. एक लाट आली, खिशांत पाणी भरलं आणि पँट गुडघ्यांवर. मेहुणीसमोर.

त्या व्हिडिओत मला खटकला तो एकाच्या हातातला फोन. छत्रीखाली झोपलेल्या बाईकडे वळवलेला. सुरक्यातला कोळी आपल्या जाळ्याकडे बघत असतो. हा कुठे बघतोय, यावर ग्रुपमध्ये कोणी अक्षर काढलं नाही.

इथल्यांनीही फार ऐट मिरवू नये. २०१६मध्ये नऊ ऑस्ट्रेलियन तरुण मलेशियात फॉर्म्युला वन बघायला गेले आणि मलेशियाचा झेंडा छापलेल्या बजी स्मगलरवर नाचले. चार दिवस कोठडीत होते. समुद्र तिथे नव्हताच, आणि झेंडा यजमानांचा!

डिसेंबरात गुहागरला जातोय. बॅग भरताना बायकोने माझी निळी चड्डी दोन बोटांत धरून विचारलं, "ही? आईंच्या समोर?"

काढून ठेवली. गुडघ्यापर्यंतची घेतली आहे. नाडीवाली.