पुठ्ठा आधी कोरडा ठेवा, मग गॅसचं बोला

गोव्यातल्या पर्वरीच्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर जेवणाच्या पार्सलच्या पुठ्ठ्याच्या डब्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘सगळं कंपोस्टेबल. ओल्या कचऱ्यात टाकलं की साळगावच्या कचरा प्रकल्पात गॅस होतो. उगाच गोव्याला नावं ठेवू नका.’ सगळ्यांनी अंगठे दाखवले. मला राहवलं नाही.

मी बर्लिनला असतो. इथे बायोटोनमधल्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यातल्या, कचऱ्याचा गॅस 2013 पासून रूलेबेनच्या प्रकल्पात होतो आणि त्याच गॅसवर बीएसआरच्या, म्हणजे शहराच्या सफाई कंपनीच्या, कचरागाड्या धावतात. त्याच बीएसआरला बायोटोनमध्ये कंपोस्टेबल पिशवी मात्र चालत नाही. गॅस करणाऱ्या हवाबंद टाकीत कचरा काही आठवडेच राहतो. भात, सालं तेवढ्यात कुजतात. पीएलए हे कंपोस्टेबल म्हणून विकलं जाणारं प्लास्टिक कुजत नाही, त्याला साठेक अंशांची ऊब आणि हवा लागते. पुठ्ठ्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, तेही हवेशिवाय जवळजवळ तसंच राहतं. साळगावच्या टाकीत निसर्ग वेगळा वागेल, असं भावाला का वाटतं?

मला राग याचा येतो की पुठ्ठा खरोखर कामाचा माल आहे. कोरडा, स्वच्छ बॉक्स पुन्हा कागद होतो, तोही पाच-सहा वेळा. तेलकट झाला, तर फाडून घरच्या खतात घालावा. आपल्या ओल्या कचऱ्यात माशांचे काटे-खवले, म्हणजे नायट्रोजन भरपूर. खताला कार्बन त्याच्या पंचवीस-तीस पट हवा. तो पुठ्ठ्यात आहे, आणि लोक मात्र त्यासाठी नर्सरीतून कोकोपीट विकत आणतात! धिंगरी अळंबीसुद्धा ओलसर पुठ्ठ्यावर येते. आतून प्लास्टिकचा पापुद्रा लावलेला डबा मात्र यातल्या कशालाच चालत नाही. फाडून बघा, पापुद्रा ताणला जातो. आणि पावसात भिजून, आमटीत लडबडलेला पुठ्ठा भंगारवालाही घेत नाही.

भाऊ लगेच म्हणाला, ‘तुझे जर्मन आपलं प्लास्टिक दुसऱ्या देशांत पाठवतात.’ पाठवतात. पण माझ्या चौकात रिकामी बाटली पडून राहत नाही, कारण तिच्यावर 25 सेंट फांड, म्हणजे बाटली परत केली की मिळणारी अनामत, असतो. गोव्यानेही 2024 मध्ये अनामत परताव्याची योजना अधिसूचित केली, तेव्हा याच ग्रुपवर ‘गिऱ्हाइकाची लूट’ म्हणून ओरड झाली होती.

‘तू तिथे, तुला काय त्याचं?’ हे वाक्य मात्र लागलं. इथे मी मुकाट्याने नियम पाळतो. बर्लिनच्या कचऱ्यावरून कुणाशी भांडावं असं मला कधी वाटलं नाही. मडगावजवळच्या सोनसोड्याच्या कचऱ्याच्या ढिगाला आग लागली की मी दिवसभर बातम्या बघत बसतो. भांडायला मला पर्वरीच लागते, आणि तिथला हक्क सोडायची माझी तयारी नाही.

चवथीला येतोय रे. तोवर सोसायटीला सांगून जिन्याखाली पुठ्ठ्यासाठी कोरडी जागा करून ठेव. टेप सोलायला मी आहे.