'चांगली शाळा' आणि तिच्यामागचा नकाशा

अमेरिकेत घर घ्यायचं ठरलं की आपल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्कूल डिस्ट्रिक्ट कसं आहे?" बेडरूम किती, ऑफिस किती लांब, ते सगळं मागाहून. कारण मुलं कोणत्या सरकारी शाळेत जाणार, हे घराच्या पत्त्यावरून ठरतं. रेटिंगमध्ये शाळेला दहापैकी नऊ गुण दिसले की जीव भांड्यात पडतो. मुलांच्या शिक्षणासाठी एवढा आटापिटा करण्यात गैर काहीच नाही. पण या शाळेला नऊ आणि हायवेपलीकडच्या शाळेला तीन का, यावर आपल्यात बोलणं होत नाही. "तिकडची वस्ती जरा वेगळी आहे" एवढ्यावर विषय मिटतो. वेगळी म्हणजे कुणाची, हे न सांगता सगळ्यांना कळलेलं असतं.

मग कुणीतरी म्हणतंच, "आपणही दोन बॅगा घेऊनच आलो होतो ना? मेहनत केली. यांना कुणी अडवलं होतं?"

अडवलं होतं. सरकारने अडवलं होतं, लेखी अडवलं होतं, आणि त्याचे कागद आजही बघायला मिळतात.

1930च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरोशहरीचे नकाशे रंगवले. कर्जाला उत्तम तो भाग हिरवा, मग निळा, मग पिवळा, आणि धोक्याचा तो लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल. गृहकर्जाला हमी देणारी फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन 1934 साली सुरू झाली. तिच्या नियमपुस्तिकेत तर वेगवेगळ्या वंशांचे लोक शेजारी राहणं हाच घराच्या किमतीला धोका मानला होता. नोकरी पक्की असो, हप्ते फेडायची ऐपत असो, वस्ती 'तसली' म्हणून हमी नाही. वर्णावरून घर नाकारायला बंदी घालणारा कायदा झाला 1968 साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. तोवर गोऱ्यांची एक अख्खी पिढी स्वस्त कर्जावर घरं घेऊन, ती फेडून, मुलांच्या नावावर करून मोकळी झाली होती.

इथवरचं पुष्कळांना ऐकून माहीत असतं. शाळेशी त्याचा सांधा कुठे जुळतो, ते मात्र नीट बघायला हवं. इथल्या सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा हिस्सा त्या त्या भागातल्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. घरं महाग तर शाळा श्रीमंत.

टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड नावाचा भाग आहे. वस्ती मुख्यतः मेक्सिकन-अमेरिकन, थोडी कृष्णवर्णीय. 1968 साली तिथल्या पालकांनी दावा लावला, डेमेट्रिओ रॉड्रिगेझ हे त्यांच्यातले पुढारी. त्याच शहरात अलामो हाइट्स हा गोऱ्यांचा सुखवस्तू भाग. कोर्टापुढे आलेले 1967-68 चे आकडे असे: एजवूडचे लोक दर शंभर डॉलरच्या मालमत्तेवर 1.05 डॉलर शाळेचा कर भरत होते आणि अलामो हाइट्सवाले 85 सेंट. म्हणजे गरिबांनी स्वतःवर जास्त दराने कर लावून घेतला होता. तरी एजवूडला त्यातून मिळत होते विद्यार्थ्यामागे 26 डॉलर, आणि अलामो हाइट्सला 333. राज्याची आणि केंद्राची मदत धरूनसुद्धा 356 विरुद्ध 594.

"त्या लोकांना शिक्षणाची आस्थाच नसते" असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते 1.05 डॉलर आणि 85 सेंट पुन्हा एकदा शेजारी ठेवून बघावेत. पालकांनी आपल्या परीने करायचं ते सगळं केलं होतं. 1973 साली सुप्रीम कोर्टात ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. पुढे 1989 साली टेक्ससच्या राज्य न्यायालयाने ती पद्धत राज्यघटनेविरुद्ध ठरवली. दावा लावला तेव्हा शाळेत असलेल्या मुलांची तोवर मुलं शाळेत जायला लागली असतील.

माझं म्हणणं आहे ते हेच. वर्णभेदाला प्रत्येक वेळी दुष्ट माणूस लागत नाही. नियम एकदा बसवला की साधी, सज्जन माणसं तो इमानेइतबारे राबवतात आणि अन्याय आपोआप होत राहतो. म्हणून लोकांची मनं बदलण्याची वाट बघत बसण्यापेक्षा नियमाला हात घातला पाहिजे. ऑफिसातल्या वर्षाकाठी एका तासाच्या ट्रेनिंगने, ते कितीही मनापासून दिलेलं असो, हे होणार नाही.

नोकरीचंच घ्या. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर वीजकेंद्र होतं. तिथे कृष्णवर्णीय कामगार फक्त 'लेबर' विभागात. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी. नोकरीत वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा 2 जुलै 1965 रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी कंपनीने वरच्या कामांसाठी नव्या लेखी चाचण्या आणल्या. हायस्कूल डिप्लोमाची अट होतीच. वरवर किती रास्त वाटतं! पण 1960च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष 34 टक्के आणि कृष्णवर्णीय 12 टक्के. आणि डिप्लोमा नसलेले जुने गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करत होते. 1971 साली सुप्रीम कोर्टाने एकमुखाने सांगितलं की चाचणी घ्या, पण तिचा त्या कामाशी संबंध आहे हे दाखवा. खटला विली ग्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढवला होता.

"मग मेरिटचं काय?" या प्रश्नाला मला या निकालापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही. गुणवत्ता मोजायला कुणाचीच हरकत नाही. जे मोजताय ते कामाला लागतं का, एवढंच विचारायचं.

आपल्या आयटीवाल्यांनी तर हे जरूर विचारावं. रेफरलवर माणसं घ्यायची आपल्याला सवय आहे. ओळखीचा माणूस ओळखीच्याला आणतो आणि दोन वर्षांत अख्खी टीम एकाच साच्याची होते. कुणी कुणाला नाकारलेलं नसतं, तरी दार बंदच. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सारख्याच दर्जाचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावांचा. 2004 साली छापलेला निष्कर्ष असा, की गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला पंधरांमागे एक. अवघड आडनावं घेऊन फिरणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. उपायही आकाशातले तारे नाहीत. सर्वांना तेच प्रश्न, गुण कशाला द्यायचे ते मुलाखतीआधी ठरलेलं, आणि जागा रेफरलने भरण्याआधी बाहेर जाहीर केलेली. टीम लीडला हे वरून परवानगी न आणता करता येतं.

शाळांतल्या शिक्षेबद्दल लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल. एवढंच सांगते: केंद्रीय शिक्षण खात्याच्या 2011-12 च्या आकडेवारीत बालवाडीतली कृष्णवर्णीय मुलं 18 टक्के होती, आणि एकापेक्षा जास्त वेळा शाळेतून निलंबित झालेल्यांत 48 टक्के. बालवाडीतली मुलं! तीन-चार वर्षांची.

"हे त्यांचं त्यांनी बघावं, आपण कशाला मध्ये पडा" असंही ऐकते. 1923 साली याच देशाच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांना, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेल्या माणसाला, तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. 1946 नंतरही भारतातून इथे स्थायिक व्हायला येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला 100. तो दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला 1965च्या इमिग्रेशन कायद्याने. आणि तो कायदा त्या वर्षी का होऊ शकला? कारण रस्त्यावर उतरून, पोलिसांचे कुत्रे आणि लाठ्या अंगावर घेऊन कृष्णवर्णीयांनी वंशावरून माणूस तोलण्याची पद्धतच लाजिरवाणी करून सोडली होती. आपल्या दोन बॅगांना इथे जागा झाली त्यात त्यांच्या रक्ताचा वाटा आहे. हे मी मनापासून मानते, आणि मुलांनाही सांगते.

आता कामाचं. आमच्या गावात ट्रेन स्टेशनजवळ परवडणाऱ्या भाड्याच्या अपार्टमेंट्सचा प्रस्ताव आला आहे. मागच्या सुनावणीत विरोधात बोलणाऱ्यांत आपली माणसंही होती. मुद्दे तेच: ट्रॅफिक, पार्किंग, शाळेवर ताण. ट्रॅफिकचा अभ्यास झाला आहे, तो प्रस्तावासोबतच जोडला आहे, वाचून या. शाळेतली पटसंख्या घटते आहे, हे स्कूल बोर्डाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. तेव्हा ताणाचं कारण मला पटत नाही.

पुढच्या सुनावणीत बाजूने बोलायला मी नाव दिलं आहे. तिथे सिटिझनशिप लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही, गावात राहत असलात की पुरे. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. काय बोलायचं सुचत नसेल तर माझा मसुदा पाठवते, मेसेज करा. लहान मुलं असतील तर घेऊन या, मागच्या खोलीत बसायची सोय असते.