वाढण्याआधी तिला विचारा

वाढदिवसाला एक दिवस निवाऱ्यात जाऊन जेवण वाढा, असं आवाहन एका लेखात वाचलं. जरूर जा. मी तीन वर्षं बेघर महिलांच्या निवाऱ्यात दर गुरुवारी रात्री वाढायला जाते, म्हणून थोडं सांगते.

ताटात काय आणि किती, हे जेवणाऱ्या बाईला ठरवू द्या. कुठे बसायचं, कुठे झोपायचं, कधी उठायचं हे सगळं दुसरेच ठरवत असतात. पहिल्याच महिन्यात मी एकीला आग्रहाने गोड वाढलं. तिने मुकाट्याने खाल्लं. नंतर कळलं, तिला मधुमेह आहे. नको म्हटलं तर पुढच्या वेळी कोणी विचारणार नाही, अशी भीती होती. ते आठवलं की आजही जीव कसनुसा होतो. कित्येकींचे दात दुखत असतात, त्यांना मऊच लागतं. तेही विचारल्याशिवाय कळत नाही.

गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवा, बाहेर २ तासांपेक्षा जास्त नको. उशिरा येणारीचं ताट आधीच फ्रिजमध्ये काढून ठेवा, देण्याआधी नीट गरम करा.

आणि फोटो अजिबात काढू नका, अगदी स्वतःचाही! मागे कोण आलंय ते दिसतं. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईचा पत्ता अशा एका फोटोने उघड होऊ शकतो.

सणावाराला वाढायला पुष्कळ जण येतात. एरवीच्या दिवशी या, भांडी घासायलाही माणसं हवी असतात.