डब्यावर ‘यूएसडीए एच-१’ लिहिलं म्हणजे सरकारने मान्यता दिली असं नाही

रत्नागिरीपासून सांगलीपर्यंत आंब्याचा पल्प, काजू, खवा, मसाले, बेकरीचा माल करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण साधारण असा: “आमचं ग्रीस आणि क्लीनिंग केमिकल यूएसडीए एच-१ सरकारमान्य आहे. फूड ग्रेड असल्यामुळे मालात गेलं तरी खाण्यास सुरक्षित. सॅनिटायझर मान्यताप्राप्त, मारल्यावर धुवायची गरज नाही. एफएसएसएआय अप्रूव्हड. मान्यता असल्यामुळे ऑडिटला वेगळे कागद लागत नाहीत. बिनधास्त वापरा.”

हे पुढे पाठवणारे सगळे फसवायला बसलेत असं मी म्हणणार नाही. बऱ्याच विक्रेत्यांना वरून असंच सांगितलेलं असतं. पण मी छोट्या युनिटांमध्ये स्वच्छतेचं प्रशिक्षण देते आणि या चार-पाच ओळींवर विसंबून लोक काय करतात ते मला दिसतं. एका ठिकाणी पल्परच्या, म्हणजे गर काढायच्या यंत्राच्या, बेअरिंगमधून ग्रीस ओघळत होतं. पुसायला सांगितलं तर उत्तर आलं, “मॅडम, फूड ग्रेड आहे ते.” म्हणून एकेक ओळ धरून लिहिते.

“यूएसडीएची सरकारी मान्यता आहे.”

यूएसडीए म्हणजे अमेरिकेचं कृषी खातं. मांस, कोंबडी आणि अंड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या तिथल्या कारखान्यांची तपासणी या खात्याचे निरीक्षक करतात. या कारखान्यांत वापरायचं, पण अन्नाचा भाग नसलेलं प्रत्येक रसायन पूर्वी आधी खात्याकडे मंजुरीला जायचं. फरशीचा साबण असो, बॉयलरच्या पाण्यातलं औषध असो की चेनला लावायचं तेल. खातं फॉर्म्युला आणि लेबल बघायचं, ते कुठल्या जागी चालेल याचा एक कोड ठरवायचं आणि पत्र द्यायचं. ए-१ म्हणजे सर्वसाधारण सफाईचं. एच-१ म्हणजे जिथून अन्नाला चुकून स्पर्श होऊ शकतो अशा भागाचं वंगण. एच-२ म्हणजे जिथून स्पर्श होणं शक्यच नाही अशा भागाचं वंगण. मंजूर मालाची यादी छापली जायची, आणि जगभरचे इतर अन्न कारखानेही तीच यादी प्रमाण मानायचे, कारण तेव्हा हाताशी तीच होती.

ही पूर्वमंजुरी खात्याने फेब्रुवारी १९९८ मध्ये बंद केली. म्हणजे आज पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला. त्यानंतर बाजारात आलेल्या कुठल्याही ग्रीसला यूएसडीएचं एच-१ पत्र मिळालेलंच नाही, मिळू शकतच नाही.

बंद का केली, हे समजून घेण्यासारखं आहे. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत एका हॅम्बर्गर साखळीच्या अर्धकच्च्या मांसातून ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूचा उद्रेक झाला. सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. निरीक्षक हजर असताना, शिक्के असताना हे घडलं. त्यानंतर १९९६ मध्ये हॅसपचा, म्हणजे एचएसीसीपीचा नियम आला. त्याचा गाभा असा की आपल्या कारखान्यातला धोका कारखान्यानेच ओळखायचा, रोखायचा आणि लिहून ठेवायचा. खातं ती व्यवस्था तपासणार. एकदा हे ठरल्यावर सरकारने साबणाचे आणि ग्रीसचे डबे एकेक करून पास करत बसणं त्या चौकटीत बसेना. मंजुरीचं काम थांबलं आणि जबाबदारी रसायन वापरणाऱ्याकडे आली. आपल्याकडच्या मजकुरात नेमकी हीच गोष्ट उलटी होते. जबाबदारी पुन्हा डब्याकडे ढकलली जाते.

मग आज जे एच-१ दिसतं ते काय? १९९९ पासून एनएसएफ नावाच्या संस्थेने तेच जुने कोड वापरून नोंदणी सुरू केली. ही मिशिगनमधल्या ॲन आर्बरची, १९४४ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे. चांगलं नाव आहे, माझा तिच्यावर विश्वासही आहे. पण ती सरकार नाही, आणि नोंदणी ऐच्छिक आहे. ती फॉर्म्युला आणि लेबल तपासते. तुमच्या शेडमध्ये येऊन ते ग्रीस कुठे आणि किती लावलंय हे ती बघत नाही. नोंदणी झालेल्या मालाला क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या इंटरनेटवरच्या यादीत फुकट शोधता येतो. विक्रेत्याकडे तो क्रमांक मागा. यादीतलं कंपनीचं नाव, मालाचं पूर्ण नाव आणि कोड डब्याशी जुळवा. एकाच कंपनीचं एक ग्रीस एच-१ असतं आणि शेजारचं, जवळपास त्याच नावाचं, एच-२. नुसतं ब्रँडचं नाव बघून घेऊ नका.

“फूड ग्रेड आहे, मालात गेलं तरी खाण्यास सुरक्षित.”

मला सगळ्यात जास्त त्रास या ओळीचा होतो, म्हणून इथे जरा थांबते.

एच-१ वंगणात काय घालता येतं हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमात, २१ सीएफआर १७८.३५७० मध्ये, दिलेलं आहे (सीएफआर म्हणजे तिथल्या केंद्रीय नियमांचा संग्रह). त्यात खनिज तेलासाठी मर्यादा आहे: अन्नात १० पीपीएमपेक्षा जास्त जाता कामा नये. शिवाय यंत्राचं काम भागेल इतकंच, कमीत कमी वंगण वापरायचं, असंही तिथे म्हटलेलं आहे. ‘चुकून स्पर्श झाला तर’ यासाठी ही सोय आहे. ग्रीस मालात जाऊ द्यायची ही परवानगी नाही.

१० पीपीएम म्हणजे एक किलोत १० मिलिग्रॅम, एका टनात १० ग्रॅम. तुमचा एका वेळचा खवा ५० किलो असेल तर मर्यादा अर्ध्या ग्रॅमची. अर्धा ग्रॅम ग्रीस म्हणजे हरभऱ्याच्या एक-दोन दाण्यांएवढा गोळा. ढवळणीच्या शाफ्टवरून एवढा गोळा पडायला किती वेळ लागतो ते तिथे उभं राहून पाहा. आणि हे गणितसुद्धा ग्रीस सगळ्या खव्यात सारखं मिसळलं असं धरून केलंय. प्रत्यक्षात गोळा विरघळत नाही, तो दोन पेढ्यांत जातो आणि ते दोन पेढे कुणाच्या तरी घरी जातात.

आणखी एक बाब कुणी सांगत नाही. नोंदणी असते ती डब्यातल्या ताज्या ग्रीसची. बेअरिंगमध्ये महिनाभर फिरून काळं पडलेल्या ग्रीसमध्ये लोखंडाची झीज असते, सीलचं रबर असतं, धूळ असते. ते बाहेर ओघळलं की त्याला एच-१ म्हणण्यात काही अर्थ उरत नाही.

बेकरीवाल्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. पावाचे साचे, ट्रे यांना माल चिकटू नये म्हणून जे लावायचं त्याचा कोड ३-एच. त्याचा अन्नाशी थेट संबंध येणार हे गृहीत धरलेलं असतं. एच-१ तेलाने साचे पुसणारे मी पाहिलेत. ते चूक आहे.

याचा अर्थ एच-१ घेऊ नका असा मुळीच नाही. गॅरेजमधलं गाडीचं ग्रीस पल्परला लावणाऱ्यांपेक्षा एच-१ विकत घेणारा शंभर पटींनी बरा. घ्याच. मात्र मालाच्या वर असलेल्या बेअरिंगखाली ड्रिप ट्रे बसवा, ग्रीसगनचे किती पंप मारायचे ते ठरवा आणि काम संपल्यावर बाहेर आलेलं पुसून घ्या.

मान्यता जागेला असते, डब्याला नाही, हे बॉयलरच्या औषधांवरून नीट कळतं. सायक्लोहेक्झिलअमाइन हे वाफेच्या पाइपला गंज लागू नये म्हणून वापरतात. अन्नाला थेट लागणाऱ्या वाफेत ते अमेरिकी नियमानुसार १० पीपीएमपर्यंत चालतं, पण तीच वाफ दुधाला किंवा दुधाच्या पदार्थाला लागणार असेल तर अजिबात चालत नाही. हायड्रेझिन तर अन्नाला लागणाऱ्या वाफेत शून्य असायला हवं. म्हणजे बॉयलर तोच, औषध तेच, आणि उत्तर तुम्ही भाजी वाफवता की दूध तापवता यावर अवलंबून. तुमच्या बॉयलरवाल्याला हे विचारलंय का कधी? कढईच्या जॅकेटमध्ये, म्हणजे दुहेरी भिंतीत, फिरणारी वाफ वेगळी आणि मालात सोडलेली वाफ वेगळी, हेही त्याला सांगावं लागतं.

“सॅनिटायझर मारल्यावर धुवायची गरज नाही.”

अर्धं खरं आहे. जुन्या कोडांमध्ये डी-२ म्हणजे न धुता चालणारं आणि डी-१ म्हणजे नंतर पाण्याने धुवायलाच हवं असं. पण डी-२ सुद्धा ठरलेल्या प्रमाणातच न धुता चालतं. अमेरिकी नियमात क्लोरीनसाठी ही मर्यादा २०० पीपीएम आहे, आयोडीनच्या द्रावणासाठी २५ पीपीएम. शिवाय भांडं नीट निथळू द्यायचं.

बाजारातल्या हायपोमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, ५ टक्के क्लोरीन असेल तर २०० पीपीएमसाठी एका लिटर पाण्यात ४ मिलिलिटर पुरतं. १० टक्के असेल तर २ मिलिलिटर. मी बघते तेव्हा मगभर हायपो ओतलेलं असतं. “जास्त टाकलं की जास्त स्वच्छ” ही समजूत घरातून येते आणि ती कारखान्यात घातक ठरते, कारण धुवायचं नाही हे विक्रेत्याचं वाक्य तेवढं लक्षात राहिलेलं असतं आणि प्रमाणाचं वाक्य राहिलेलं नसतं. क्लोरीन तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या आणा.

साबण किंवा कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) यांना ही सूट नाहीच. ते पिण्यायोग्य पाण्याने धुवून काढायचं. आणि दुधाच्या टाकीत आतून बसलेला कडक थर काढायला ॲसिड वापरत असाल तर त्याच्या आसपास हायपो नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि टाकीत उतरलेल्या माणसाला बाहेर यायला वेळ मिळत नाही.

“एफएसएसएआय अप्रूव्हड.”

एफएसएसएआय म्हणजे आपलं केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरण. त्याचा चौदा आकडी परवाना अन्नाचा व्यवसाय करणाऱ्याला मिळतो. ग्रीस किंवा फिनाईल मंजूर करण्याची कुठलीही यादी ही संस्था चालवत नाही. २०११ च्या परवाना नियमांतलं चौथं परिशिष्ट तुमच्याकडून काय मागतं ते मात्र वाचा: सफाईची रसायनं उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे वापरायची, अन्नापासून वेगळी ठेवायची आणि डब्यांवर स्पष्ट नाव असायचं. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं कॉस्टिक या एका वाक्यात नापास होतं.

“मान्यता आहे, वेगळे कागद लागत नाहीत.”

पूर्वमंजुरी गेल्यावर अमेरिकेत कागद कमी झाले नाहीत, ते कारखान्याच्या फायलीत आले. तिथल्या मांस कारखान्यांच्या नियमात, ९ सीएफआर ४१६.४ मध्ये, स्वच्छ लिहिलंय की रसायन ज्या परिस्थितीत वापरलं जातं त्या परिस्थितीत ते सुरक्षित आणि परिणामकारक हवं, आणि त्याचा कागदी पुरावा निरीक्षकाला दाखवायला हजर हवा. तुमचा पल्प निर्यात होत असेल तर खरेदीदाराचा ऑडिटर हेच मागतो. उत्पादकाचं हमीपत्र, सुरक्षा माहितीपत्रक, वापराचं प्रमाण सांगणारं तांत्रिक पत्रक आणि नोंदणीच्या यादीतल्या पानाची प्रिंट, एवढं प्रत्येक डब्यामागे ठेवा. शिवाय कुठे, कधी, किती वापरलं याची साधी वही.

“आजवर कुणाला काही झालं नाही” असंही लोक वर जोडतात. जपानमध्ये १९६८ साली झालं. कानेमी नावाच्या कंपनीच्या कारखान्यात तांदळाच्या कोंड्याचं तेल वास घालवण्यासाठी तापवत असत. तापवायला पाइपमधून पीसीबी हे विषारी रसायन असलेला द्रव फिरवलेला होता. पाइपला बारीक छिद्रं पडली आणि तो द्रव खाण्याच्या तेलात गेला. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्याच कारखान्यातून निघालेल्या उपपदार्थाचं खाद्य खाऊन लाखो कोंबड्या मेल्या होत्या, तरी माणसांचं तेल थांबवलं गेलं नाही. हजारो लोकांनी त्रासाच्या तक्रारी केल्या. अंगावर काळे फोड आले, डोळ्यांतून स्राव, हातापायांना मुंग्या, आणि काही बाळं काळवंडलेल्या त्वचेने जन्मली. या आजाराला ‘युशो’ म्हणतात आणि त्यातले रुग्ण पुढे कित्येक दशकं उपचार घेत राहिले. त्या द्रवाला कुणी एच-१ म्हटलं नव्हतं हे मान्य. पण यंत्रात फिरणारी गोष्ट अन्नात कशी येते ते यातून दिसतं. एका छिद्रातून, कुणाच्याही नकळत.

२०२२ च्या जूनमध्ये अलास्कातल्या जुनो शहरात एका उन्हाळी पाळणाघरात १२ मुलांना दूध म्हणून फरशीचं सीलंट प्यायला दिलं गेलं. खोक्यातल्या दुधाच्या पिशव्यांजवळच सीलंटची खोकी ठेवलेली होती. कुणाचा जीव गेला नाही. वेगळी, कुलूपबंद खोली आणि मोठ्या अक्षरातलं नाव, एवढ्याने ते टळलं असतं.

प्रशिक्षणानंतर एक प्रश्न हमखास येतो: आधीच आणलेले, ‘यूएसडीए मान्य’ लिहिलेले डबे टाकून द्यायचे का? नाही. आधी क्रमांक मागा आणि यादीत शोधा. सापडला आणि कोड जुळला तर प्रिंट फायलीला लावून वापरा. सापडला नाही तर उत्पादकाकडून लेखी हमीपत्र येईपर्यंत ते ग्रीस गेटच्या बिजागऱ्यांना, पंपघरातल्या मोटारीला लावा, मालाच्या शेडबाहेर. आठ-पंधरा दिवसांत पत्र आलं नाही, तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला द्या.