सुट्टी स्लॅबच्या आदल्या दिवशी घ्या

"तुम्ही दोघंही नोकरीला, मग बांधकाम बघितलं कोणी?" घर झाल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. पोस्ट लांब आहे. ज्यांना बांधायचंय त्यांनीच वाचा, बाकीच्यांनी अभिनंदन आधीच केलंय.

यावर लोकांची दोन ठरलेली मतं असतात. एक, नोकरी करणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये, तयार घर घ्यावं आणि मोकळं व्हावं. दुसरं, चांगला कॉन्ट्रॅक्टर गाठावा, सगळं त्याच्यावर सोडावं आणि शेवटी किल्ली घ्यायला जावं. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात उगाच भीती आहे आणि दुसऱ्यात नको तेवढा विश्वास. साइटवर दिवसभर खुर्ची टाकून बसायची काहीच गरज नसते. पण जे काम उद्या झाकलं जाणार आहे, ते झाकायच्या आधी आपण किंवा आपल्या माणसाने बघितलंच पाहिजे. नोकरी करणाऱ्याकडे रजा मोजक्या असतात, त्या फक्त यासाठी राखून ठेवाव्यात.

प्रत्यक्षात बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. टाइल्स निवडायला दोघंही रजा टाकून दुकानं पालथी घालतात, आणि बीमची सळई बांधून झाली त्या दिवशी मीटिंग होती म्हणून व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर भागवतात. अहो, टाइल नाही आवडली तर पाच वर्षांनी उखडता येते. बीममधली सळई कमी पडली तर काय उखडणार?

आता स्लॅबचं बघा. सगळे स्लॅबच्या दिवशी सुट्टी घेतात. त्या दिवशी नातेवाईक येतात, फोटो निघतात, चहापाणी होतं. पण त्या सकाळी बघण्यासारखं उरतंच काय? मिक्सर येऊन उभा असतो, मजूर आलेले असतात, आणि अशा वेळी "ही सळई चुकीची बांधली आहे" म्हणालात तर अख्ख्या साइटचे डोळे तुमच्यावर येतात. मग इंजिनिअरसुद्धा "चालेल, चालेल" म्हणायला लागतो. म्हणून एकच रजा मिळणार असेल तर ती आदल्या दिवशी घ्या. इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा. चुकीचं असेल ते सोडून पुन्हा बांधायला संध्याकाळपर्यंत वेळ असतो आणि कोणाचा खोळंबाही होत नाही.

आणि बघायचं काय, तर ड्रॉइंग हातात घेऊन सळईची जाडी आणि दोन सळयांमधलं अंतर टेपने मोजायचं. सळईखाली ठोकळे आहेत का ते वाकून बघायचं. या ठोकळ्यांमुळे सळईखाली काँक्रीटचा जो थर राहतो, त्याला कव्हर म्हणतात. साधारणपणे स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०. ड्रॉइंगवर असेल तो आकडा प्रमाण. ठोकळे नसतील तर सळई थेट फळीवर टेकते आणि फळी काढली की स्लॅबच्या पोटाला उघडी पडते. मग ती गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडते. जुन्या घरांच्या छताचे ढलपे पडतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

बाल्कनी आणि छज्जा तर डोळ्यांत तेल घालून बघा. स्लॅबच्या मधल्या भागात ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई खाली असते. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते, तिथे ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून तिची मुख्य सळई वर असते. आणि नेमक्या त्याच सळईवर पाय देत मजूर घमेली घेऊन जातात. वरची सळई दबून खाली बसली की बाल्कनीला आधार कागदावरच उरतो. आमच्या मिस्त्रीला मी म्हटलं, सळईखाली चेअर, म्हणजे वरची सळई उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे घोडे, वाढवा आणि चालायला वरून फळ्या टाका. तो म्हणाला, "ताई, आजवर कोणी नाही सांगितलं असं." पण टाकल्या फळ्या. रात्री जाऊन बॅटरीच्या उजेडात पुन्हा बघून आलो, सळई जागच्या जागी होती.

स्लॅबच्या दिवशी मात्र लक्ष ठेवायचं ते पाण्यावर. "माल घट्ट आहे, सरकत नाही" असं म्हणत कोणीतरी हळूच बादली ओततो. सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी धरलं असेल, तर ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच आलं. जादा पाण्याने माल छान पसरतो, कामगारांचे कष्ट वाचतात, आणि ते पाणी उडून गेल्यावर आत बारीक पोकळ्या राहतात. पुढे गळतं ते त्यांच्यातूनच. व्हायब्रेटर, म्हणजे काँक्रीट हलवून दाबून बसवणारं यंत्र, चालू आहे का आणि तो बंद पडला तर दुसरा आहे का, एवढं सकाळीच विचारून ठेवा.

इथून पुढचा भाग नोकरी करणाऱ्यांच्या सोयीचा आहे, आणि तो कोणी सांगत नाही. काँक्रीट वाळून घट्ट होत नसतं. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि ते ओलं राहील तोवरच ही क्रिया नीट चालते. सात दिवसांत अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश ताकद येते, बाकीची सावकाश. म्हणजे क्युरिंगच्या, काँक्रीट ओलं ठेवायच्या, काळात घराला तुमच्याकडून हवं असतं ते फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी. ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर. स्लॅबवर आळी करून पाणी साठवून ठेवलं की दिवसभर चिंता नाही. कॉलमवरचं पाणी ओघळून जातं, म्हणून त्याला गोणपाट गुंडाळून तो भिजवायचा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीला (राख मिसळलेलं सिमेंट) किमान १०. उन्हाचे दिवस असतील तर सरळ चौदा धरा. हे काम करारात कॉन्ट्रॅक्टरचंच असतं, पण तुमची गाडी दिसली की पाइप हातात घेणारे खूप. आम्ही घरच्यांनीच पाळ्या लावून घेतल्या. सबंध बांधकामात मुलांना मनापासून आवडलेलं काम हेच.

सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे स्लॅबखालचा प्लेटा-टेकूंचा साचा लावणाऱ्याला, मात्र घाई असते, त्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर जायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साधारण ७ दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी काढता येतात, तेही हवा फार थंड नसेल तर. दोन आधारांमधलं अंतर याहून मोठं असेल तर जास्त दिवस लागतात. शेवटचा शब्द इंजिनिअरचा, सेंट्रिंगवाल्याचा नव्हे.

सामानाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. "सगळा माल स्वतः आणा, पैसे वाचतात" हा सल्ला ज्याच्याकडे दिवस मोकळा आहे त्याच्यासाठी ठीक. वाळू-खडीची गाडी येते दुपारी. ती खाली करायच्या आधी लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणायची आणि शंभराने भागायचं, म्हणजे ब्रास निघतो. त्यात ओली वाळू फुगते, वीस-तीस टक्केसुद्धा, म्हणजे मापात दिसते तेवढी ती नसतेच. ऑफिसात बसून तुम्ही हे काय मोजणार? तो माल कॉन्ट्रॅक्टरवर सोडा. सिमेंट आणि स्टील मात्र आपण घ्या, कारण ते संध्याकाळीही मोजता येतं. सळईच्या जाडीचा मिलिमीटरमधला आकडा घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ८९० ग्रॅम भरते. वजनकाट्याची पावती आणि नगांची मोजणी ताडून बघायला पंधरा मिनिटं पुरतात.

सिमेंटसाठी आमच्या सासऱ्यांनी सुचवलेली युक्ती सगळ्यात चोख निघाली: संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजायच्या. दिवसभरात काम किती झालं ते समोर दिसतंच, त्याला गोण्या किती लागल्या तेही कळतं. रिकाम्या गोण्या फेकायच्या नाहीत, एका कोपऱ्यात रचून ठेवायच्या, असं पहिल्याच दिवशी सांगून टाका. भांडण न करता वचक बसतो.

सासऱ्यांचा विषय निघालाच आहे तर बोलते. निवृत्त वडील किंवा सासरे म्हणजे फुकटचा सुपरवायझर, असं आपल्याकडे सरसकट धरलं जातं. माणूस सत्तरीचा, त्याला उन्हात साइटवर बसवायचं, निर्णयाचा अधिकार मात्र द्यायचा नाही. मिस्त्री "हो बाबा" म्हणतो आणि करायचं ते करतो. आणि काही बिघडलं की "तुम्ही होतात ना तिथे?" हा प्रश्न त्यांनाच. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. त्यापेक्षा महत्त्वाच्या टप्प्यांना येऊन तपासणी करणारा इंजिनिअर आपण आपल्या पैशाने ठेवावा. कॉन्ट्रॅक्टरचा नको, आपला. तो खर्च जड वाटला तर फॉल्स सीलिंग रद्द करा.

दुसरा ताप फोनचा. सकाळी अकराला, ऐन कामात, "ताई, बेडरूमचा बोर्ड कुठे घ्यायचा?" त्या घाईत दिलेलं उत्तर पुढची वीस वर्षं पलंगामागे दडून बसतं. आमच्याकडे उपाय असा होता की रविवारी साइटवर जाऊन भिंतींवर खडूने सगळं आखून यायचं: बोर्ड, नळ, गीझर, पलंग, कपाट. पुढच्या आठवड्यात जे लागणार ते या रविवारी ठरलंच पाहिजे, भांडून का होईना. आणि एका विषयाला घरातला एकच माणूस. नळ, वीज, स्वयंपाकघर माझ्याकडे. सळई, सिमेंट, बँक नवऱ्याकडे. मिस्त्रीला दोघांकडून दोन उत्तरं मिळाली की त्याला सोपं पडेल ते तो निवडतो. त्यात त्याचा तरी काय दोष?

दोष कुठे असेल तर तो वेगळ्याच गोष्टीत. प्लंबिंगचं सगळं मी बघत होते, तरी माझ्यासमोर उभा राहून प्लंबर म्हणायचा, "साहेबांना विचारून घेतो." नवरा दर वेळी फोनवर एकच वाक्य बोलायचा: "मला त्यातलं कळत नाही, मॅडमना विचारा." मैत्रिणींनो, हे वाक्य नवऱ्याकडून आधीच पाठ करून घ्या. फार कामाला येतं.

प्लॅस्टरच्या आधीचा आठवडा हा स्लॅबच्या आदल्या दिवसाइतकाच महत्त्वाचा. पाइपांत दाब देऊन रात्रभर ठेवायचा, सकाळी दाब दाखवणारा काटा उतरलाय का बघायचं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावायच्या आत पाणी भरून दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या छताला हात लावून बघायचा. प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा, आणि तोही भिंतीवर मीटर टेप उघडी धरून, म्हणजे कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे ते वाचता येतं. नुसत्या फोटोत सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. पाइप-वायरसाठी बीम किंवा कॉलम फोडायला निघालेल्या माणसाला मात्र तिथल्या तिथे थांबवा.

घाईबद्दल थोडं. कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं, घेतलेल्या रकमेचं व्याज सुरू होतं आणि राहत्या घराचं भाडंही चालूच असतं. दोन्ही बाजूंनी खिसा फाटतो तेव्हा माणूस म्हणतो, उरका एकदाचं. ही घाई मला समजते. पण ती जोत्यातल्या भरावावर काढू नका. भराव थर देऊन, पाणी मारून, चोपूनच व्हायला हवा, नाहीतर वर्षभरात फरशी खचते. घाई काढायचीच तर शेवटच्या कामांवर काढा. कपाटं, बाहेरचा रंग, कंपाउंड, पडदे हे सगळं राहायला गेल्यावर झालं तरी चालतं. आमच्या एका खोलीला अजून दार नाही, अडलं काहीच नाही.

फक्त तीन गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय मुक्काम हलवू नका: अर्थिंग, बाथरूमचा तपासून घेतलेला निचरा आणि जिना-गच्चीचा कठडा. कठड्याला "पुढच्या महिन्यात" म्हणणारे फॅब्रिकेटर उदंड असतात. स्लॅबची सेंट्रिंग निघाली की त्याच आठवड्यात त्याला माप द्या.