खुराड्याची राखण

मुंबईची नोकरी सोडून कुडाळजवळच्या गावी राहायला आलो, तेव्हा मागच्या परसात आठ-दहा गावठी कोंबड्या असाव्यात एवढीच माझी माफक इच्छा होती. सकाळी उठावं, खुराड्यात हात घालावा आणि ऊन ऊन अंडं बाहेर काढावं. आता दोन वर्षांनंतर खुराड्यात हात घालण्याआधी मी बॅटरी मारतो, काठी आपटतो आणि मग बायकोला हाक मारतो.

पहिली कोंबडी खुडूक बसली तेव्हा तिच्याखाली ११ अंडी ठेवली. २१ दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. तिन्हीसांजेला मी रोज हजेरी घ्यायचो. नऊ. नऊ. सात. आईला सांगितलं तर म्हणाली, "झिला, तू मोजतंस कित्याक? मोजलंस की कमी जातत." हे गणित खोटं ठरवणं मला अजून जमलेलं नाही. त्या आठवड्यात पाच झाली.

पिल्लं घार नेत होती. तिच्यावर उपाय म्हणजे जुन्या सीड्या दोरीला बांधून परसावर लटकवायच्या, त्यांच्या चकाकीला घार बुजते. घरात सापडल्या त्या सगळ्या लटकवल्या. त्यात आमच्या लग्नाची सीडी निघाली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कळलं ते बायकोकडून. घार मात्र आठ दिवस फिरकली नाही. हे मी कौतुकाने बोलून दाखवायला नको होतं.

हळूहळू गुन्ह्याच्या जागेवरून गुन्हेगार ओळखायला शिकलो. भरदिवसा अंडं फुटलंय आणि टरफलं पडलीत, तर मुंगूस. रात्री गडबड झाली आणि सकाळी पिसांचा सडा, तर रानमांजर नाहीतर उदमांजर. अंडं गेलंय, टरफल नाही, पीस नाही, नुसती कोंबडी वरच्या दांडीवर चढून केकाटतेय, तर 'जनावर'. (दिवेलागणीनंतर आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत.) आणि अख्खी कोंबडी गेली, मागे काहीच नाही, पण कुठून तरी वडे-सागोतीचा वास येतोय, तर गप्प बसावं. वाडीत राहायचंय.

शेजारचे तात्या सल्ला द्यायला गडगा ओलांडून येतात. फिनेल शिंप, म्हणाले. शिंपलं. कोंबड्या दोन दिवस शिंकल्या, जनावर तिसऱ्या दिवशी येऊन गेलं. मग म्हणाले, मुंगूस आसा थंय जनावर येना नाय. हे खरं, पण मुंगूस कोंबडीवरच आलेलं. मग मुंगुसासाठी कुत्रा ठेव, म्हणाले. ठेवला. मोती इमानाने खुराड्यापाशी झोपायचा. अंडी मिळेनाशी झाली तेव्हा त्याच्या मिशीला पिवळं दिसलं. त्यात पलीकडच्या वाडीतला कुत्रा बिबट्याने नेल्याची बातमी आली. म्हणजे अंडी राखायला कुत्रा आणि कुत्रा राखायला मी, असा जिना चढत आम्ही बिबट्यापर्यंत पोचलो. तिथे तात्यांचे सल्ले संपले.

सर्पमित्र पोरगा आला त्याने उलटाच जिना उतरवला. "काका, साप पहिला येतो उंदरासाठी. उंदीर येतात कण्यांसाठी. कण्या कोण टाकतो?" मी गप्प. रात्रीच्या उरल्यासुरल्या कण्या उचला, गडग्याची भोकं बुजवा, खुराडं जमिनीपासून वर घ्या आणि अर्ध्या इंचाची जाळी मारा, असं त्याने सांगितलं. बाकी सगळं केलं. जाळी दुकानात दीड इंची, कोंबड्यांची म्हणून मिळते तीच स्वस्त होती, ती आणली. कोंबडी थोडीच त्यातून बाहेर जातेय!

नागपंचमी झाली. आईने पाटावर चंदनाचा नाग काढला, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला. नाग काही दूध पीत नाही. त्याचं खरं पथ्यपाणी काय असतं ते पुढच्याच आठवड्यात कळलं.

रात्री दीडच्या सुमाराला आरडाओरडा. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली. बॅटरी मारली तर खुराड्यात नाग. दीड इंचाच्या भोकातून सडपातळ आत आला होता, चार अंडी गिळली होती आणि आता अर्धा जाळीबाहेर, अर्धा आत, मधे चार गाठी, असा अडकून फुसफुसत होता. सर्व बाजूंनी बंदोबस्त म्हणतात तो हाच. तात्या काठी घेऊन धावले. मी त्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा सांगू लागलो, पण आईने आधीच हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं होतं. "बा देवा म्हाराजा, राखणदारा, चुकला माकला तर..." तात्यांनी काठी खाली ठेवली आणि सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

सर्पमित्र भिजत आला. जाळी कापली, आकड्याने सावकाश सोडवला. घाबरलेल्या नागाने एकेक करून चारही अंडी ओकली, न फुटलेली. मग त्याला पिशवीत घालून पोरगा रानाकडे निघून गेला. सगळे चहा प्यायला पडवीत गेले.

मी एकटाच उरलो. कोंबडी दांडीवरून खाली उतरली, त्या बुळबुळीत अंड्यांकडे मान वाकडी करून बघितलं आणि चोचीने एकेक सारत पोटाखाली घेतलं. खायची तर ही नव्हतीच, पण निदान धुऊन ठेवावीत म्हणून मी हात आत घातला. तिने असा टोचा मारला की अंगठ्यातून रक्त आलं. नाग तासभर आत होता, त्याला तिने एकदासुद्धा टोचलं नव्हतं.