चिकटवहीतलं पान फोडू नका

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या 'जुन्या आठवणीं'ची लाट आहे. गुरुजींच्या चिकटवह्यांतले फोटो कुणीतरी मोबाइलवर टिपतो, कडा कापतो, ॲपमधून रंगीत करतो आणि टाकतो. खाली बदामांचा पाऊस. माझी मात्र चिडचिड होते. का होते, ते एकदा लिहूनच टाकतो.

गुरुजी म्हणजे मालवण तालुक्यातल्या आमच्या शाळेचे निवृत्त शिक्षक. अर्ध्या वाडीची पत्रं तेच वाचून दाखवायचे आणि उत्तरंही तेच लिहायचे. पुढे लोक चुलीत घालायला निघालेले कागद त्यांनी मागून आणले. मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचा आणि जुन्या हजेरीवह्यांत एकेक कागद डकवायचा. (जाणकार या खळीला नाकं मुरडतील. पण कोकणातल्या पावसात वह्या टिकल्यात, कसर लागलेली नाही.) आंतर्देशीय पत्रं, लग्नपत्रिका, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, सगळं आहे.

एक पान सांगतो. वर लालबागच्या खोलीतल्या गाववाल्या पोरांचा फोटो. खाली त्यातल्याच एकाने आईला पाठवलेल्या मनिऑर्डरींची कुपनं, ओळीने. १९८१ अखेरपर्यंत दरमहा दीडशे रुपये. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतरच्या कुपनावर शंभर, मग साठ, मग पंचवीस. त्यापुढे कुपनच नाही, एक आंतर्देशीय आहे: 'लावणीला घरी येत आहे. काळजी नसावी.' अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते, आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हे सगळं छापलेलं आहे. पण संप कोकणातल्या एका चुलीपर्यंत कसा पोचला, ते या पानावर आहे. ग्रुपवर मात्र नुसता वरचा फोटो आला. ओळ होती, 'यारी दोस्ती'!

म्हणून माझं म्हणणं एवढंच की संग्राहकाने काय कशाशेजारी लावलं, हाच निम्मा इतिहास. गुरुजी स्वतः सांगायचे, "फोटो सुटो करू नको, आख्ख्या पानाचो काढ."

पाकिटांचंही तेच. तारीख पुसलेली असली तरी पत्ता बोलतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. आमच्या पत्त्यातलं 'जि. रत्नागिरी' १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग झालं. तिकिटावर 'नये पैसे' असतील, तर पत्र १९५७ नंतरचं. आणि नेमकं तेच तिकीट कापून नेणारे महाभाग आमच्याकडे आहेत.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले, म्हणून आपण त्यांना हात जोडतो. जोडावेतच. पण मोडी लिपीतला कागद दिसला की आपले डोळे चमकतात आणि आजीच्या नावचं १९६५ सालचं पोस्टकार्ड रद्दीत जातं. पेशवाईचा तो इतिहास आणि गिरणीचा तो पसारा, असं कसं चालेल?

एक अडचण खरी आहे. या पत्रांत कर्जं आहेत, मोडलेली लग्नं आहेत, कुणाच्या सुनेबद्दल नको ते लिहिलेलं आहे. ती माणसं आता हयात नाहीत, पण नातवंडं याच ग्रुपवर आहेत. तेव्हा सगळं फेसबुकवर ओतायचं नाही. पूर्ण वह्या स्कॅन करून एक प्रत वाचनालयात, एक मुंबईच्या मंडळात ठेवावी, आणि घरगुती पत्रं त्या त्या घराला विचारल्याशिवाय उघड करू नयेत, असं मला वाटतं. यावरून भांडणं होतील. होऊ देत.

तोवर घाई आहे ती नावांची. खोलीतल्या त्या पोरांपैकी दोघांचीच नावं आता वाडीत कुणाला सांगता येतात. गणपतीत सगळे गावी येतील तेव्हा वह्या म्हाताऱ्यांपुढे ठेवू. नावं फोटोवर लिहायची नाहीत. वेगळ्या कागदावर, पान नंबर टाकून, पेन्सिलीने. आणि कृपा करून सेलोटेप घेऊन कुणी येऊ नका.